कोल्हापुरी सायकलस्वारी : स्वरूप, साधने आणि छोटा हत्ती

कोल्हापूर शहराच्या पश्चिमेला ५५ किलोमीटरवर गगनबावडा हे गाव सह्याद्रीच्या अगदी कडेला वसलेले असून, तेथपर्यंतचा रस्ता उसाचे फड आणि भाताची खाचरे यांच्यामधून फारसा चढ न घेता जातो, आणि मग एकाएकी जमीनच संपते. पुढे करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात व दोन्ही तळकोकणात उतरतात. ही भूरचना करणाऱ्या शक्तीला सायकल ठाऊक नसली, तरी माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक असला पाहिजे. कारण या रचनेमुळे कोल्हापूरहून समुद्राकडे निघालेल्या माणसाला, आपण मूळचेच मोठे सायकलपटू आहोत, असे पहिले सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर सलग वाटत राहते, आणि ते तसे नाही हे उमगण्याची वेळ येते तेव्हा तो घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, भर उन्हात आणि घाटाच्या खालच्या टोकाला उभा असतो.

सायकल कोल्हापुरास नवी नाही. एके काळी पेठापेठांतून तासाच्या भाड्याने सायकली मिळत. दूधवाला, गिरणी कामगार, पोस्टमन, शाळामास्तर आणि खेड्यातून कॉलेजला येणारा विद्यार्थी हे सारे सायकलीवरच दिसत, आणि ते सायकलपटू आहेत असे कोणाच्याही, खुद्द त्यांच्याही, मनात येत नसे. पुढे स्कूटर आली, मोटारसायकल आली, उसाचा आणि दुधाचा पैसा आला, आणि सायकल माळ्यावर गेली. अलीकडे ती पुन्हा खाली उतरली आहे, पण निराळ्या वर्गासाठी. पूर्वी ज्याला कुठे तरी वेळेवर पोहोचायचे असे तो सायकल वापरी. आता ज्याला कुठेच पोहोचायचे नसते, परंतु तेथे जाऊन आल्याचे सांगायचे असते, तो वापरतो. या दुसऱ्या वर्गातील माणसाला प्रस्तुत विवेचनात स्वार असे म्हटले आहे. स्वार हा बहुधा चाळिशी ओलांडलेला, व्यवसायाने डॉक्टर, वकील, प्राध्यापक, बिल्डर किंवा फौंड्रीचा मालक, आणि आपले पोट हे तात्पुरते आहे अशी ठाम समजूत बाळगणारा असतो.

माणूस स्वार का होतो, याची कारणे शोधू गेल्यास रक्ततपासणीचा कागद आणि शेजारचा सडपातळ गृहस्थ ही दोन सहज सापडतात. परंतु सर्वांत चिवट कारण म्हणजे अमेरिकेतील भाचा. कोल्हापूरची बरीच मुले संगणकाच्या निमित्ताने कॅलिफोर्नियातील सॅन होजे, सनीव्हेल या भागात स्थायिक झाली असून, त्या भागाच्या पश्चिमेला प्रशांत महासागराकडे उतरणाऱ्या डोंगरांवर रेडवूड या सूचिपर्णी वृक्षांची जंगले आहेत. हा जगातील सर्वांत उंच वृक्ष. त्यातील कित्येक झाडे शंभर मीटरांच्या वर जातात, आणि २००६ मध्ये आढळलेले ‘हायपेरियन’ नावाचे झाड तर ११५ मीटरांहून उंच भरले. तिकडे उन्हाळ्यात पाऊस नसतो, तेव्हा ही झाडे समुद्रावरून येणाऱ्या धुक्यातले पाणी पिऊन राहतात. या झाडांमधून गेलेल्या नागमोडी रस्त्यांवर सुटीच्या दिवशी सायकल चालवणे हा तिकडचा रिवाज आहे, आणि ओल्ड ला होंडा रोड नावाचा पाच-साडेपाच किलोमीटरांचा चढ किती मिनिटांत संपवला यावरून माणसाची पत ठरते.

भाचा तेथून छायाचित्र पाठवतो. छायाचित्रात झाडाचा बुंधा, बुंध्याला टेकवलेली सायकल आणि सायकलीशेजारी हा भाचा असतो, ज्याला कोल्हापुरात असताना कोपऱ्यावरून दही आणायला सांगितले तरी गाडीची किल्ली लागत असे. मामी म्हणतात, “वाळलं की ओ पोरगं.” मामा छायाचित्र दोन बोटांनी मोठे करून कानाकोपरा पाहतात आणि म्हणतात, “झाडं झ्याक हायत. पर एवढ्या रस्त्यावर एक चहाची टपरी दिसंना.” टीका येथे संपते, परंतु त्याच रात्री, घर झोपल्यावर, मामा सायकलींच्या किमती पाहू लागतात.

साधनांच्या बाबतीत या शास्त्राचा पहिला नियम असा की, सायकल जितकी हलकी तितकी ती महाग. पोलादापेक्षा ॲल्युमिनियम महाग आणि ॲल्युमिनियमपेक्षा कार्बनचा धागा महाग, आणि सांगाड्याचे दोन किलो वजन घटवण्यासाठी पन्नास हजार रुपये जादा मोजणारा स्वार, हेच दोन किलो स्वतःच्या अंगावरून फुकटात उतरवता येतील, या घरच्या सूचनेने मनापासून दुखावतो. सायकलीपाठोपाठ पोशाख येतो. त्यात अंगालगत बसणारी भडक जर्सी आणि बुडाशी स्पंजाची गादी शिवलेली तोकडी विजार यांचा समावेश असून, या विजारीखाली आणखी काही घालायचे नसते, ही माहिती स्वार कुटुंबापासून शक्यतो लपवून ठेवतो. तरीही पहिल्या दिवशी उंबऱ्यावर आई गाठतेच. “हे घालून रंकाळ्यावरनं जाणार व्हय तू? चार वळखीची माणसं फिरत असत्यात तिथं,” असे ती म्हणते, आणि चार ओळखीच्या माणसांना दिसावे हाच या पोशाखाचा मूळ हेतू असल्याचे स्वाराला तिला सांगता येत नाही.

पोशाखाचा सर्वांत घातक भाग म्हणजे बूट. या बुटांच्या तळव्याला क्लीट नावाची पट्टी असते, ती पायडलमध्ये खटकन अडकते, आणि ती सोडवण्यासाठी टाच बाहेर वळवावी लागते. ताकद वाया जाऊ नये म्हणून ही योजना आहे. प्रत्यक्षात सिग्नल लाल होतो, स्वार थांबतो, टाच कोणत्या बाजूला वळवायची याचा विचार सुरू होतो, आणि विचार पूर्ण होण्याआधी स्वार व सायकल एकमेकांना न सोडता, शून्य वेगाने, अत्यंत सावकाश, एका कुशीवर जातात. वेगात पडणाऱ्याबद्दल लोकांना हळहळ वाटते. उभ्या उभ्या पडणाऱ्याबद्दल फक्त कुतूहल वाटते. दसरा चौकातल्या अशा एका प्रसंगी वाहतूक हवालदाराने जवळ येऊन दिलेला सल्ला सर्व प्रशिक्षण पुस्तिकांपेक्षा थोडक्यात होता : “साहेब, पाय टेकायचा की.”

शहराबाहेर पडल्यावर या सामग्रीचे मूल्यमापन अधिक कठोरपणे होते. गगनबावड्याच्या वाटेवर कळे येथे चहाला थांबलेल्या स्वाराभोवती दूध घालून परतणारी मंडळी जमतात, सायकलीचा दांडा टिचकी मारून पाहतात, आणि किंमत विचारतात. किंमत सांगताना स्वार अर्धी सांगतो, कारण पूर्ण किंमत त्याने घरीही सांगितलेली नसते.

“पाऊण लाख.”

“आणि इंजिन?”

“इंजिन नाही. पायानं चालवायची.”

यावर थोडी शांतता पसरते, आणि मग त्यातले एक वयस्क गृहस्थ, “पावणं, त्यात थोडं घालून मुरा म्हस आली असती. दूध तरी दिलं असतं,” असा निर्णय देतात. जिल्ह्याचे सारे अर्थकारण दुधावर उभे असल्याने या युक्तिवादाला उत्तर नाही. स्वार चहाचे पैसे देतो आणि निघतो, आणि पुढचे पाच किलोमीटर त्याच्या मनात त्या म्हशीचा हिशेब चालू राहतो.

यापेक्षाही खोल दरी हवेच्या बाबतीत आहे. साध्या सायकलीच्या ट्यूबला जाड तोटी असते. महागड्या सायकलीला प्रेस्टा नावाची, पेन्सिलीहून बारीक पितळी तोटी असते, तिच्या टोकाला मिरीएवढे एक फिरकीचे बोंड असते, ते आधी सैल करावे लागते, आणि मग हवा भरण्यासाठी एक छोटी पितळी टोपी वर बसवावी लागते, जी हमखास दुसऱ्या जर्सीच्या खिशात घरी राहिलेली असते. पंक्चर काढणारा हा सारा प्रकार डोळे बारीक करून पाहतो. “हवा किती?” असे तो विचारतो. “शंभर,” असे उत्तर मिळताच तो पंपाची नळी खाली ठेवतो, कारण शंभर ही त्याच्या अनुभवात ट्रकची हवा असते, आणि समोरचे टायर तर अंगठ्याएवढे रुंद असते. “मर्दा, फुटलं तर माझ्या अंगावर ढकलू नका,” असे बजावून तो त्याच तोटीवरचे प्लास्टिकचे टोपण काढतो, त्याचे टोक ब्लेडने उडवतो, टोपण उलटे करून पुन्हा फिरवून बसवतो, आणि त्यावर आपली नळी दाबून चोख हवा भरून देतो. ही युक्ती सायकलींच्या परदेशी मासिकांत चित्रांसह समजावून दिलेली असते. त्याने ती वीस सेकंदांत शोधलेली असते आणि त्याबद्दल दहा रुपये मागितलेले असतात. स्वार मात्र हजार रुपयांची टोपी विसरल्याबद्दल हळहळत असतो.

एवढ्या तयारीनंतर प्रत्यक्ष सायकल चालवण्याचा प्रश्न उरतो, आणि तो शनिवारी रात्री मोबाईलवरील गटात हाती घेतला जातो. ‘उद्या ५.३० शार्प, रंकाळा टॉवर’ असा संदेश येतो, त्याखाली अंगठ्यांची रांग लागते, आणि अंगठा हा संमतीचा नसून केवळ वाचल्याचा पुरावा असतो हे पहाटे टॉवरपाशी एकट्या उभ्या असलेल्या माणसाला कळते. पावसाळ्यात तर ही सभा बंधाऱ्याच्या आकड्यावर चालते. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट अशी शासनाने ठरवून दिलेली असून, राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडू लागले की भोगावती नदीचे पाणी चढते, बालिंग्याच्या पुलावर सगळ्यांचे लक्ष लागते, आणि पुढे मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येऊन गगनबावड्याचा मार्ग बंद होतो. हे सर्व खरे आहे. मात्र स्वारांची स्वतःची इशारा पातळी यापेक्षा बरीच खाली असते. बंधारा जूनमध्ये पंधरा फुटांवर असतानाच कोणी तरी ‘पाणी वाढतंय, रिस्क नको’ असे लिहितो, लगेच तीन जण ‘सेफ्टी फर्स्ट’ म्हणतात, आणि पाचव्या मिनिटाला सकाळी कोणाच्या घरी पोहे करायचे यावर चर्चा स्थिरावते. त्या रात्री पाऊस पडलेलाच नसतो.

पावसाळ्याखेरीजच्या दिवसांत सरावासाठी पन्हाळा आणि जोतिबा हे दोन डोंगर उपलब्ध आहेत. पन्हाळा शहरापासून सुमारे २० किलोमीटरवर असून समुद्रसपाटीपासूनची त्याची उंची साडेनऊशे मीटरांहून अधिक, म्हणजे शहराच्या वर सुमारे चारशे मीटर आहे. वाघबीळपर्यंत गप्पा चालतात. वाघबिळापासून पुढे ज्याला बोलता येते तो एकटाच बोलतो, आणि बाकीचे मान हलवतात. येथेच फोटो काढण्याची आठवण सर्वांना एकाच क्षणी होते. चढावर थांबणे हा पराभव असतो, परंतु दरीचा फोटो काढण्यासाठी थांबणे ही रसिकता असते, आणि वाघबिळाच्या एकेका वळणावर पश्चिमेची दरी इतक्या वेळा टिपली गेली आहे की त्या दरीला आता स्वतःचे काही खासगी आयुष्य उरलेले नाही. कधी कधी एखादे आजोबा शेजारून पायी चालत पुढे निघून जातात. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दीचा वेढा चुकवून रातोरात पन्हाळ्याहून विशाळगडाकडे गेले, तेही पावसाच्या चिखलातून, हा इतिहास या जिल्ह्यात प्रत्येकाच्या ओठांवर असल्यामुळे आजोबा जाता जाता तो ऐकवूनही जातात : “राजं एका रात्रीत इशाळगडाकडं निघून गेलं. तुमी वाघबिळात बसलाय, केळी खात.”

आहाराचा भाग या विवेचनात खरे तर सर्वांत मोठा असावयास हवा होता. मध्यम वेगाने तासभर सायकल चालवली असता चारशे-पाचशे उष्मांक खर्ची पडतात, असे साधारणपणे मानले जाते, आणि हा आकडा कोल्हापुरात प्रत्येक स्वाराला तोंडपाठ असतो, कारण त्याच्या आधारावरच मिसळ मागवली जाते. कोल्हापुरी मिसळीबरोबर पाव न येता स्लाइस ब्रेड येतो, आणि कट, म्हणजे तो लालभडक तिखट रस्सा, मागेल तितका वाढला जातो. त्यामुळे खर्च झालेले उष्मांक पहिल्या ताटलीतच भरून निघतात आणि दुसऱ्या ताटलीपासून बचत सुरू होते. त्यावर गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशीचे समोर काढलेले धारोष्ण दूध पिण्याचा पर्याय खुला असतो. असा नियम पाळणाऱ्या स्वाराचे वजन वर्षाअखेर तीन किलोंनी वाढते, आणि ते स्नायूंचे असल्याचे तो पत्नीस समजावून सांगतो. त्या ऐकून घेतात.

आता जंगलाविषयी. रेडवूडच्या उंचीचे झाड सह्याद्रीत नाही, हे मान्य करावे लागते. येथे अंजनी, जांभूळ, हिरडा आणि कारवी यांचे ठेंगणे, दाट, पावसाने शेवाळलेले रान आहे, आणि धुके मात्र गगनबावड्यालाही कमी नाही, कारण तेथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. राधानगरीहून फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता दाजीपूरच्या रानालगत जातो. हे रान गव्यांसाठी १९५८ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत राधानगरी अभयारण्याचा समावेश झाला. जगभरातून अभ्यासक हे रान पाहण्यास येतात. स्वार त्यातून मान खाली घालून जातो, कारण त्याच्या हँडलवर एक छोटा संगणक बसवलेला असतो, आणि त्यावर वेग, सरासरी, हृदयाचे ठोके, चढाची टक्केवारी आणि बॅटरी असे पाच आकडे सतत बदलत असतात. रानातून जाऊन आलेल्या स्वाराला काय पाहिले असे विचारल्यास तो ‘सरासरी एकवीस पॉइंट चार’ असे उत्तर देतो.

अपवाद गव्याचा. गवा हा पूर्ण वाढला की हजार किलोपर्यंत जाऊ शकतो, आणि रस्त्यावर उभा राहिला असता हँडलवरील संगणकावर दिसत नाही. त्याला पाहून थांबलेल्या स्वारांत चढाचा शीण, गिअरची तक्रार, टोपीची आठवण हे सर्व क्षणात नाहीसे होते, आणि गटातील प्रत्येक जण दुसऱ्याला पुढे होण्याचा मान देऊ लागतो. गवा काही वेळ ती जर्सी, ती विजार, ते हेल्मेट न्याहाळतो, आणि रानात निघून जातो. आजरा-चंदगड भागात कर्नाटकातून आलेल्या हत्तींचाही वावर असल्यामुळे आंबोलीच्या वाटेवरचे संभाषण निराळे चालते. पुढून येणारा दुधाची किटली अडकवलेला मोटारसायकलवाला हात करून सांगतो, “सावकाश जावा, फुडं हत्ती हाय.” त्यावर स्वारांमधून आशेने प्रश्न येतो : “छोटा का मोठा?”

या प्रश्नाचा अर्थ कळण्यासाठी घाटाकडे परत वळले पाहिजे. करूळ घाट सुमारे १० किलोमीटरांचा असून तेवढ्यात सुमारे पाचशे मीटर उंची गमावली जाते. उतरताना ब्रेक हे एकमेव धर्मसाधन असते. कॅलिफोर्नियाच्या मरीन परगण्यातील काही तरुणांनी १९७६ पासून जुन्या, वजनदार सायकली एका डोंगरी कच्च्या वाटेवरून खाली सोडण्याच्या शर्यती घेतल्या, ज्यातून पुढे माउंटन बाईक जन्मास आली. त्या सायकलींचे पायडल उलटे दाबून लागणारे ब्रेक इतके तापत की आतील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक उतरणीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून त्या शर्यतीस ‘रीपॅक’ असे नाव पडले. कोल्हापुरी स्वाराच्या बाबतीत ग्रीस शाबूत राहते, रबराचा वास येतो, आणि ओठांवर बारीक आवाजात जोतिबाचे नाव येते. तरीही घाटाच्या पायथ्याशी पोहोचलेला स्वार हा पृथ्वीवरील सर्वांत आत्मविश्वासपूर्ण प्राणी असतो. पायथ्याशी नाशिकच्या महाजन बंधूंचा विषय हमखास निघतो. या दोघा डॉक्टर भावांनी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून पूर्वेकडील ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. नाशिक आणि नागपूर पुढे गेल्याचे शल्य पायथ्याशी थोडा वेळ टोचते, मग कोणी तरी म्हणतो, “पर त्यास्नी वाटंत अशी मिसळ कुठली मिळणार?” आणि जिल्ह्याचा मान राखला जातो.

ब्रेव्हे या प्रकाराचा येथे उल्लेख करणे भाग आहे. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक वेळेत, कोणाचीही मदत न घेता, पूर्ण करावयाची लांब पल्ल्याची सायकलफेरी. पॅरिसच्या एका क्लबच्या नियमांनुसार २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस तास मिळतात, आणि वाटेत ठरलेल्या ठिकाणी हजेरीच्या कार्डावर शिक्का घ्यावा लागतो. कोल्हापुरात हे सारे पूर्ण करणारी मंडळी आहेत. ती मुकाट्याने पहाटे निघतात, दुसऱ्या दिवशी परततात, आणि कोणाला काही सांगत नाहीत. विनोदी लेखनास त्यांचा काडीचा उपयोग नसल्याने त्यांना येथेच नमस्कार केलेला बरा.

सामान्य स्वार घाटाखालच्या वैभववाडीत पोहोचतो आणि ‘आता समुद्र’ असे म्हणतो. कोकणचा किनारा सपाट असतो, हा घाटमाथ्यावरील माणसाचा जुना समज आहे. वास्तविक वैभववाडीपासून विजयदुर्गाचा समुद्र आणखी सत्तर किलोमीटरांच्या आसपास असून, तो सारा प्रदेश सड्यांचा, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या, तापलेल्या माळपठारांचा आहे; खाडी आली की उतरायचे, आणि खाडी ओलांडली की जेवढे उतरलो तेवढे पुन्हा चढायचे. वारा जाताना समोरून येतो, आणि परतताना तोही बहुधा वळून परततो. एखाद्या सड्यावर कलमाच्या सावलीत बसलेला माणूस चौकशी करतो, “खयसून इलात?”

“कोल्हापूर. समुद्र किती लांब?”

“ह्यो काय, हयच आसा. धा मिनटां.”

ही दहा मिनिटे मोटारीची, पायी चालण्याची की केवळ सौजन्याची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तासाभराने दुसरा माणूस दुसऱ्या सड्यावर तीच दहा मिनिटे सांगतो, आणि तेव्हा गटात प्रथमच, समुद्र हा लहानपणी पाहिलेला असून त्यात फारसा बदल झालेला नसावा, असा विचार मांडला जातो. ठराव एकमताने मंजूर होतो. सायकली वळतात, आणि दुपारी एकच्या सुमारास वैभववाडीत, मघाशी ज्या घाटातून शिट्टी वाजवत खाली आले तोच घाट समोर भिंत होऊन उभा राहिलेला सर्वांना दिसतो. चढाच्या बाबतीत तज्ज्ञांचे मत विचारावे, तर जे तज्ज्ञ तो सायकलने चढले आहेत त्यांच्याजवळ मत मांडण्याइतका श्वास उरलेला नसतो.

अशा वेळी छोटा हत्ती येतो. लहान मालवाहू टेम्पोला या भागात छोटा हत्ती म्हणतात, आणि त्याच्या हौद्यात सहा सायकली, सहा स्वार आणि त्यांचा स्वाभिमान हे आडवे-उभे करून व्यवस्थित बसतात. (प्रस्तुत लेखातील करूळ घाटाच्या चढाविषयीची सर्व निरीक्षणे याच हौद्यातून केलेली आहेत.) रान खरे दिसते ते येथूनच, मान वर असते, हात मोकळे असतात, आणि पाच आकड्यांपैकी एकही पाहावा लागत नाही. दरी कशी निळी आहे, गगनगड कुठल्या वळणावरून दिसतो, कारवीला फुलोरा आहे का, हे सर्व चर्चेस येते. मात्र एकाच्या खिशातील मोबाईल या काळात वेगाची नोंद घेत राहतो, कारण ती थांबवण्याचे कोणाच्या लक्षात येत नाही, आणि संध्याकाळी त्या नोंदीनुसार त्या स्वाराने करूळचा चढ ताशी ३८ किलोमीटर वेगाने चढल्याचे जाहीर होऊन त्या घाटातील सर्वांत वेगवान स्वाराचा मुकुट त्याच्या नावावर लागतो. ती नोंद दुरुस्त करणे त्याच्या मनात असते. परंतु तोवर तेवीस जणांनी अभिनंदन केलेले असते, पुण्याच्या एका अनोळखी तरुणाने ‘सर, तुमचा आहार काय असतो?’ असे विचारलेले असते, आणि कॅलिफोर्नियातील भाच्याने तर केवळ ‘मामा!!’ एवढेच लिहिलेले असते.

या साऱ्या व्यवहाराचे मर्म स्वारांपेक्षा टेम्पोचालकास अधिक लवकर कळले. पूर्वी त्याला फोन करून बोलवावे लागे. आता रविवारी दुपारी तो न बोलावता वैभववाडीच्या स्टँडजवळ येऊन थांबतो, हौद्यात जुन्या गाद्या टाकलेल्या असतात, सायकली बांधायला सुंभाच्या दोऱ्या असतात, आणि दरही ठरलेला असतो : माणसाचे वेगळे, सायकलीचे वेगळे, कार्बनच्या सायकलीचे थोडे जास्त, कारण तिच्यावर दुसरी सायकल ठेवू देत नाहीत. गगनबावड्याच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर तो आपणहून गाडी बाजूला घेतो, फाळका उघडतो, आणि पाण्याने भरलेली एक बाटली पुढे करतो. स्वार खाली उतरतात, सायकली उतरवतात, बाटलीतले पाणी कपाळावर आणि जर्सीच्या पाठीवर शिंपडून घेतात, आणि धापा टाकत, पायडल मारत, गावात प्रवेश करतात, जेथे चहाच्या टपरीवर बसलेले लोक त्यांच्याकडे कौतुकाने पाहतात.

एका नव्या स्वाराने पैसे देताना हिशेब जुळेना म्हणून विचारले की, माणसाचे झाले, सायकलीचे झाले, मग हे वरचे शंभर कशाचे?

“हितं वळणावर उतरवायचं,” चालक म्हणाला. “पाणी फुकट हाय.”